वसईचा गोन्सालो : दुभाषी म्हणून जपानला गेला, तिथेच क्रूसावर गेला

वसईचा किल्ला बघायला गेलेला माणूस चिमाजी आप्पांची आठवण काढून परत येतो. ते बरोबरच आहे. पण त्याच किल्ल्यात पडक्या चर्चच्या भिंतींमध्ये एक चर्च असं आहे, जिथे आजही सणावाराला मिस्सा होते. ते संत गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखलं जातं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळालं २००८ साली, गोन्सालोला मिळालं १८६२ साली.

त्याचा जन्म साधारण १५५७ चा. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात येऊन तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली होती. बाप पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणातली. शिक्षण किल्ल्यातल्या जेझुइट पाद्र्यांकडे झालं. पंधरा वर्षांचा असताना तो त्या पाद्र्यांबरोबर जहाजाने जपानला निघाला. पंधराव्या वर्षी आपल्याकडे पोरगं दहावीला असतं.

जपानमध्ये पोराने एक गोष्ट पक्की केली, तिथली भाषा. युरोपातून आलेल्या पाद्र्यांना ती जड जायची, गोन्सालो मात्र लोकांत मिसळून बोलायला लागला. काही वर्षं त्याने गावोगावी फिरून धर्मशिक्षण देण्याचं काम केलं. आपल्याला जेझुइट संघात कायमचं घ्यावं एवढीच त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. वर्षानुवर्षं राबूनही दार उघडलं नाही, तेव्हा त्याने ते काम सोडलं आणि व्यापाराला लागला. व्यापारात जम बसला, हातात पैसा आला. तरी मनातली गोष्ट काही जाईना. शेवटी फिलिपिन्समध्ये मनिलाला तो फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. पाद्री नव्हे, साधा ब्रदर. भरभराटीचा धंदा सोडून अंगावर झगा आणि कमरेला दोरी.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानला वकील पाठवले. त्यांचे प्रमुख होते फादर पेद्रो बाउतिस्ता. जपानचा कारभार तेव्हा हिदेयोशी या सेनापतीच्या मुठीत होता आणि त्याने १५८७ मध्येच पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता. अशा माणसासमोर बोलायचं तर शब्द इकडचा तिकडे झालेला चालत नाही. दुभाषी म्हणून गोन्सालोला बरोबर घेतलं गेलं. बोलणी निभावली, हिदेयोशीने त्यांना राहू दिलं. क्योटोमध्ये त्यांनी मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना उभा केला. ज्यांना घरचेही जवळ करत नव्हते त्यांच्या जखमा धुण्याचं काम तिथे रोजचं होतं.

घात झाला तो एका जहाजामुळे. १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोकडे जाताना वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. माल मोठा होता, हिदेयोशीने तो जप्त केला. वाद वाढला. आधी पाद्री येतात, मागून फौज येते, असं जहाजावरचाच एक जण बोलून गेला, असं सांगतात. खरं-खोटं काहीही असो, हिदेयोशीला निमित्त मिळालं. डिसेंबरात धरपकड झाली.

चोवीस जणांना क्योटोत डाव्या कानाची पाळी कापून गाड्यांवरून धिंड काढत फिरवलं. मग ऐन हिवाळ्यात शेकडो किलोमीटरवरच्या नागासाकीकडे चालवलं. प्रवास महिनाभराचा. वाटेत कैद्यांची सेवा करणारे आणखी दोघे पकडले गेले आणि आकडा सव्वीस झाला. यात परदेशातून आलेले सहा फ्रान्सिस्कनच होते. बाकी वीसजण जपानी. त्यांत स्वयंपाकी होता, सुतार होता, धनुष्य बनवणारा बाप आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगाही होता. सगळ्यात लहान लुईस, बारा वर्षांचा.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीची निशिझाका टेकडी. सव्वीस क्रूस एका रांगेत. पहिल्यांदा गोन्सालोला क्रूसाला बांधलं, अशी परंपरा आहे. मग दोन्ही बाजूंनी भाले खुपसले. त्याचं वय तेव्हा चाळिशीच्या आसपास.

१६२७ मध्ये या सगळ्यांना धन्यवादित घोषित केलं गेलं आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी रोममध्ये संतपद दिलं. मधली दोनशे-अडीचशे वर्षं जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. पण नागासाकीच्या आसपासच्या गावांतली कुटुंबं पाद्र्याशिवाय, चर्चशिवाय, चोरून प्रार्थना करत राहिली. त्याच शहरात या सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने ओउरा चर्च बांधलं गेलं, आणि १८६५ च्या मार्चमध्ये शेजारच्या गावातले काही लोक तिथे येऊन फ्रेंच पाद्र्याला हळूच म्हणाले की आम्हीही तुमच्यातलेच. ज्यांना मारून धर्म संपवायचा होता, त्यांच्याच नावाच्या चर्चमध्ये लपलेले लोक बाहेर आले.

वसईत १७३९ नंतर पोर्तुगीज गेले, किल्ला ओस पडला, पण गावांतली ख्रिस्ती वस्ती राहिली. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा आश्रयदाता संत म्हणून गोन्सालोलाच मान मिळाला. गासचं चर्च त्याच्या नावाचं आहे, वसईतलं कॉलेजही. इथल्या चर्चमधली प्रार्थना मराठीत चालते.

निशिझाका टेकडीवर आता सव्वीस जणांचे ब्राँझचे पुतळे एका रांगेत उभे आहेत. त्यात वसईचा गोन्सालोही आहे.