आनंदीबाईंचा अर्ज

इ. स. १८६५ च्या मार्च महिन्याच्या ३१ तारखेस गणपतराव जोशी यांच्या घरी एका कन्येचा जन्म झाला. तिचे नाव यमुना ठेवण्यात आले. हे जोशी घराणे कल्याणचे. एके काळी ते मोठे संपन्न होते. परंतु यमुनेच्या बालपणी ते वैभव ओसरले होते. यमुना दिसण्यात सुकुमार नव्हती. ती सावळी, ठेंगणी आणि खेळकर होती. पुढे ही मुलगी सातासमुद्रांपलीकडे जाऊन डॉक्टर होईल, असे त्या वेळी कोणी सांगितले असते, तर ते कोणालाही खरे वाटले नसते.

त्या काळी मुलींची लग्ने फार लहान वयात होत असत. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. ते बिजवर असून वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. सासरी यमुनेचे नाव आनंदी ठेवण्यात आले.

गोपाळरावांच्या मनाने एक गोष्ट घेतली होती. आपल्या पत्नीने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. इतरांच्या घरी सून पुस्तक घेऊन बसली, तर तिला बोलणी खावी लागत. आनंदीबाईंना मात्र पुस्तक सोडून स्वयंपाकघरात रमल्याबद्दल बोलणी खावी लागली. गोपाळरावांचा स्वभाव करारी, तसाच तापट होता. अभ्यासात कसूर झाली, तर ते या कोवळ्या मुलीला मारही देत. त्यांचे हे वागणे निष्ठुर होते यात शंका नाही. आनंदीबाईंनीही पुढे मोठेपणी पतीला लिहिलेल्या पत्रात त्याची आठवण स्पष्ट शब्दांत दिली. परंतु अक्षरांची गोडी एकदा लागल्यावर त्यांना कोणी धाक घालण्याची गरज उरली नाही. मराठीपाठोपाठ त्यांनी संस्कृत आणि इंग्रजी या भाषांचा अभ्यास केला.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. ते मूल अवघे दहा दिवस जगले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती, तर कदाचित ते वाचले असते, हे शल्य त्यांच्या मनात कायमचे राहिले. त्या काळी स्त्रिया परपुरुषासमोर जात नसत. दुखणे कितीही वाढले, तरी पुरुष डॉक्टरकडून नाडी तपासून घेण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या असंख्य स्त्रिया घरोघरी होत्या. त्यांच्यावर उपचार करणारी स्त्री डॉक्टर शोधून सापडत नव्हती. आपले दुःख आपल्या एकटीचे नाही, हे आनंदीबाईंच्या ध्यानी आले. आपण डॉक्टर व्हावे, या विचाराचे बीज या दुःखातून रुजले.

पत्नीला अमेरिकेत शिकवावे, हा विचार गोपाळरावांच्या मनात आधीपासूनच घोळत होता. १८७८ साली कोल्हापूर येथे असताना त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला साहाय्यासाठी पत्र लिहिले. त्या गृहस्थाने ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा सल्ला दिला आणि हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला. जोशी दांपत्याला धर्म सोडावयाचा नव्हता. त्यामुळे प्रकरण तेथेच मिटल्यासारखे झाले.

परंतु छापलेला शब्द कोठे जाऊन पोहोचेल, हे सांगता येत नाही. न्यू जर्सी राज्यात रोझेल नावाचे एक गाव आहे. तेथील श्रीमती कार्पेंटर या बाई १८८० साली दात दाखविण्यासाठी दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी समोर पडलेले एक मासिक उचलले. त्यात त्यांना हा पत्रव्यवहार आढळला. दूर देशातील एका मुलीला शिकावयाचे आहे, हे वाचून त्यांचे मन द्रवले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पत्रामागून पत्रे जाऊ लागली. सण, चालीरीती, फुले, औषधे अशा नाना विषयांवर दोघी लिहीत. एकमेकींना कधीही न पाहिलेल्या या स्त्रियांमध्ये मावशी-भाचीचे नाते जडले.

मध्यंतरी गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. १८८१ साली त्यांची बदली कलकत्त्यास झाली आणि नंतर दोघे जवळच्या श्रीरामपूर गावी राहू लागले. पत्नी पायांत बूट घालून पतीबरोबर बाहेर फिरते, हे पाहून रस्त्यातील लोक त्यांची टिंगल करीत. त्यातच आनंदीबाई अमेरिकेला जाणार ही वार्ता पसरली आणि टीकेला ऊत आला. समुद्र ओलांडणे हेच तेव्हा पाप समजले जाई. मग एका ब्राह्मण स्त्रीने एकटीने तो ओलांडणे ही तर अघटित गोष्ट होती.

या टीकेला आनंदीबाईंनी उघडपणे उत्तर देण्याचे ठरविले. १८८३ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २४ तारखेस श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. श्रोत्यांमध्ये देशी व परदेशी अशी दोन्ही मंडळी होती. लोक जे प्रश्न पाठीमागे विचारीत, तेच प्रश्न घेऊन त्यांनी एकेकाचे उत्तर दिले. हिंदुस्थानात सोय नाही काय, असा एक प्रश्न होता. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ सालापासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. इतरत्र केवळ सुईणीचे काम शिकविणारे वर्ग होते. एवढ्याने देशाची गरज भागणार नाही आणि स्त्रियांना येथे मनमोकळेपणाने शिकता येत नाही, असे त्यांनी अनुभवाने सांगितले. जातिबहिष्काराचे भय त्यांना वाटत नव्हते. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही त्यांनी दिली. अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या त्या तरुणीचे शांत व निश्चयी बोलणे ऐकून विरोधकही क्षणभर स्तब्ध झाले असतील.

गोपाळरावांना बरोबर जाता येण्यासारखे नव्हते. १८८३ च्या एप्रिल महिन्याच्या ७ तारखेस काही मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. लंडनमार्गे सुमारे दोन महिने प्रवास करून ४ जून रोजी त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. तेथे कार्पेंटर मावशी त्यांना घेण्यासाठी आल्या होत्या. पत्रांतून जुळलेले नाते त्या दिवशी प्रत्यक्ष भेटीने दृढ झाले.

आता खरी परीक्षा पुढेच होती. आनंदीबाई घरदार सोडून अमेरिकेत आल्या होत्या खऱ्या. परंतु अद्याप कोणत्याही महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळालेला नव्हता. त्यांनी ज्या संस्थेची निवड केली, ती फिलाडेल्फिया शहरातील पेनसिल्व्हेनियाचे स्त्री वैद्यकीय महाविद्यालय ही होती. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था केवळ स्त्रियांना वैद्यक शिकविण्यासाठी निघालेल्या जगातील अगदी पहिल्या संस्थांपैकी एक होती. तेथे प्रवेश मिळविण्यासाठी वयाच्या आणि पूर्वशिक्षणाच्या काही अटी होत्या. आनंदीबाईंचे शिक्षण बदलीच्या गावोगावी, तुकड्यातुकड्यांनी आणि बव्हंशी घरीच झालेले होते. त्यांच्या हाती दाखविण्याजोगे मोठे प्रमाणपत्र नव्हते. अर्ज फेटाळला गेला असता, तर हात हलवीत मायदेशी परतण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि मग आधीच हसणाऱ्या लोकांनी दुसऱ्या कोणत्याही मुलीला कधी घराबाहेर पडू दिले नसते.

१८८३ च्या जून महिन्याच्या २८ तारखेस, रोझेल येथील घरी बसून, आनंदीबाईंनी महाविद्यालयाच्या व्यवस्थापक मंडळातील आल्फ्रेड जोन्स यांना प्रवेशासाठी पत्र लिहिले. या पत्रात त्यांनी आपले उणेपण झाकून ठेवले नाही. संस्थेच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करू शकणार नाही, हे त्यांनी प्रथमच मान्य केले आणि आपली परिस्थिती निराळी असल्यामुळे सवलत द्यावी, अशी नम्र विनंती केली. आपली प्रकृती चांगली आहे, असे त्यांनी कळविले. आप्तांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध मोडून जो निश्चय आपल्याला या देशात घेऊन आला, तोच निश्चय अभ्यासही पार पाडील, अशी खात्री त्यांनी दिली. शेवटी त्यांनी आपला हेतू सांगितला. पुरुष वैद्याचे साहाय्य घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत द्यावी, एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. जे स्वतःला साहाय्य करू शकत नाहीत, त्यांच्यासाठी त्या उभ्या होत्या.

महाविद्यालयाच्या अधिष्ठाता डॉ. रेचेल बॉडली या थोर विदुषी होत्या. या पत्रातील सच्चेपणा तेथील मंडळींना भावला. ज्या कामासाठी ही संस्था निघाली होती, तेच काम ही तरुणी आपल्या देशात नेऊ पाहत होती. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला. इतकेच नव्हे, तर शिष्यवृत्तीही देण्यात आली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत त्यांचा अभ्यास सुरू झाला.

पुढील तीन वर्षे कष्टांची गेली. शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, औषधिशास्त्र असे सर्व विषय परक्या भाषेतून शिकावयाचे होते. फिलाडेल्फियाची थंडी कडाक्याची होती. आनंदीबाईंनी आपला पोशाख आणि शाकाहार सोडला नाही. पोट भरेल असे अन्न नेहमी मिळेच असे नाही. हळूहळू त्यांची प्रकृती ढासळू लागली. पण अभ्यासात खंड पडला नाही. याच काळात महाविद्यालयात जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबूली याही शिकत होत्या. आपापल्या देशी वेषात बसलेल्या या तिघींचे १८८५ सालचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते.

१८८६ च्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस पदवीदान समारंभ झाला. आनंदीबाईंनी प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला होता. समारंभास गोपाळराव अमेरिकेत येऊन पोहोचले होते. पंडिता रमाबाईही मुद्दाम आल्या होत्या. वयाच्या एकविसाव्या वर्षी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते. लवकरच कोल्हापूर संस्थानातून त्यांना बोलावणे आले. तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची व्यवस्था त्यांच्याकडे सोपविण्याचे ठरले होते. ज्या कोल्हापुरातून अमेरिकेला पहिले पत्र गेले होते, त्याच कोल्हापुरात डॉक्टर म्हणून काम करण्याचा योग जुळून आला होता.

परंतु तो योग प्रत्यक्षात उतरला नाही. क्षयरोगाने त्यांना ग्रासले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, त्या वेळी त्यांच्या अंगात उभे राहण्याचेही त्राण उरले नव्हते. ज्या समाजाने एकदा त्यांची टिंगल केली, त्यातलेच कितीतरी लोक आता त्यांच्या प्रकृतीची काळजीने विचारपूस करीत होते. नाना उपचार झाले, पण गुण आला नाही. १८८७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २६ तारखेस पुणे येथे आनंदीबाईंचे निधन झाले. त्यांना बावीस वर्षे पूर्ण होण्यास एक महिना उरला होता. एका रुग्णावरही त्यांना मायदेशी उपचार करता आले नाहीत. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पुकिप्सी येथील दफनभूमीत, मावशींच्या कुटुंबाच्या जागेत, त्या आदराने ठेवण्यात आल्या.

एवढी धडपड व्यर्थ गेली, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. परंतु मराठी मुलगी डॉक्टर होऊ शकते, हे त्यांच्यानंतर कोणाला पटवून द्यावे लागले नाही. दोनच वर्षांनी, १८८९ साली, रखमाबाई वैद्यकाच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि परत आल्यावर त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. त्यांच्या पाठोपाठ आणखी कितीतरी मुली या वाटेने गेल्या.

१८८३ सालच्या त्या पत्रात आनंदीबाईंनी प्रकृती, निश्चय आणि हेतू अशा तीन गोष्टींचा हवाला दिला होता. त्यांपैकी प्रकृतीने त्यांना दगा दिला. निश्चय त्यांनी शेवटपर्यंत पाळला. आणि त्यांचा हेतू त्यांच्यामागून आलेल्या स्त्रियांनी तडीस नेला.