बॉब मार्ले आणि अंगठ्यावरचा डाग

बॉब मार्ले यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या बेटावर सापडणे कठीण. सेगा आणि रेगे यांच्या मिलाफातून आपल्याकडे सेगे जन्मला. त्यातील रेगे जगभर नेला तो मार्ले यांनी.

६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमैकातील नाईन माईल या डोंगरी खेड्यात त्यांचा जन्म झाला. आई सेडेला कृष्णवर्णीय, वडील गोरे व वयाने पुष्कळच मोठे. वडिलांचा सहवास त्यांना फारसा लाभला नाही. पुढे मायलेक किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन या गरीब वस्तीत आले. तेथे वेल्डिंगचे काम शिकता शिकता बॉब गाऊ लागले आणि १९६३ मध्ये पीटर टॉश व बनी लिव्हिंगस्टन यांच्यासह त्यांनी वेलर्स हा संच उभा केला. ३ डिसेंबर १९७६ रोजी बंदूकधाऱ्यांनी घरात शिरून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जखमी असूनही दोनच दिवसांनी ते हजारो लोकांपुढे गायले.

त्यांचा काळ मात्र आला तो पायाच्या अंगठ्यातून. फुटबॉलचे त्यांना वेड होते. १९७७ च्या युरोप दौऱ्यात खेळताना उजव्या अंगठ्याला मार लागला आणि नखाखालची जखम काही भरेना. खेळातलीच दुखापत ती, असे सर्वांनी धरले. त्या वर्षी तपासणी झाली तेव्हा निघाला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. फुटबॉलने तो झाला असे आजही पुष्कळजण सांगतात, ते खरे नव्हे. माराने रोग झाला नाही. रोगाला आडोसा तेवढा मिळाला.

मेलॅनोमा हा गोऱ्यांचा, उन्हाचा रोग, अशी आपल्यातही समजूत आहे. सावळ्या व काळ्या लोकांत तो विरळाच, पण होतो तेव्हा बहुधा तळपाय, तळहात किंवा नख गाठतो, जेथे ऊन फारसे पोचत नाही.

तेथे तो ओळखावा कसा? आज त्वचेचे डॉक्टर डर्मॅटोस्कोप नावाचे हातातले भिंग वापरतात. ते सुमारे दहापट मोठे दाखवते, त्याला स्वतःचा दिवा असतो. मार्ले यांच्या काळी ते साध्या दवाखान्यांत नव्हते. तळपायाची कातडी भिंगाखाली उसाच्या शेतासारखी दिसते: एक सरी, एक वरंबा. साध्या तिळाचा रंग बहुधा सऱ्यांत बसतो. मेलॅनोमाचा रंग वरंब्यांवर चढतो. नखाखाली साकळलेले रक्त तांबूस-जांभळ्या ठिपक्यांसारखे दिसते आणि नखाबरोबर पुढे सरकत जाते. काळसर पट्टा जागचा हलत नाही, रुंद होतो, त्याच्या रेघा कमीजास्त जाडीच्या असतात, किंवा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरतो, तर डॉक्टर तुकडा काढून तपासतात.

डॉक्टरांनी अंगठा कापावा असे सुचविले. मार्ले रास्ताफारी पंथाचे. शरीराचा अवयव तोडणे त्यांना मान्य नव्हते. मायामीत नख व त्याखालचा भाग काढून मांडीची कातडी लावली गेली. यावरून त्यांच्या श्रद्धेला बोल लावणारे पुष्कळ आहेत. आम्हांला वाटते, त्याआधी जे महिने दुखापत दुखापत म्हणत गेले त्यांचाही हिशेब मांडावा.

गाणे थांबले नाही. २२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टनमध्ये त्यांनी मायकेल मॅन्ली व एडवर्ड सिआगा या कट्टर विरोधकांचे हात मंचावर एकत्र धरले. एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात ते गायले. त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना ते कोसळले. रोग मेंदूपर्यंत गेला होता. तरी दोन दिवसांनी पिट्सबर्गचा कार्यक्रम केला, तो शेवटचा. जर्मनीत काही महिने उपचार झाले, गुण आला नाही. मायदेशी परतताना वाटेत मायामी येथे ११ मे १९८१ रोजी त्यांनी प्राण सोडला. वय अवघे ३६. जमैकाने सरकारी इतमामाने त्यांना निरोप दिला आणि नाईन माईललाच, जन्मगावी, त्यांना ठेवण्यात आले.