कुंडलच्या माळावरचं घर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या सोसायटीच्या आठवणी या स्मरणिकेत बरेच जण लिहितील. पहिल्या उन्हाळ्यातले टँकर, लिफ्टचं उद्घाटन, गणपतीची पहिली वर्गणी हे सगळं येईलच, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारी मंडळी आपल्याकडे आहेत. म्हणून मी दुसऱ्याच एका वसाहतीची गोष्ट सांगायचं ठरवलं. ती वसाहत 1910 साली वसली. ज्या माणसानं ती वसवली त्याला स्वतःचं बस्तान उचलून परक्या माळावर यावं लागलं होतं. आपल्यापैकी बहुतेक जण नोकरीपायीच इकडे आलो. मी परभणीचा, कोणी जळगावचे, कोणी कोकणातले. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला जवळची वाटेल असं मला वाटतं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते पंपावर नव्हे. परभणीला आत्याच्या ट्रंकेत ‘स्त्री’ आणि ‘किर्लोस्कर’ या मासिकांचे जुने अंक होते आणि त्यांवर किर्लोस्करवाडी हा पत्ता छापलेला असायचा. मासिकं मुंबई-पुण्याला निघतात एवढंच आम्हाला माहीत. ही कुठली वाडी, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. पुढे नोकरी यंत्रांचीच लागली, त्यांचं चरित्र वाचलं, आणि उत्तर मिळालं.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलानं शिकून बरी नोकरी धरावी अशी घरातली रीतसर अपेक्षा. पण मुलाचं लक्ष पुस्तकात कमी आणि चित्रांत व यंत्रांत जास्त. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून 1885 च्या सुमारास ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. घर सोडून कामाच्या गावी जाण्याची ही पहिली खेप.

दोन वर्षांत कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला रंगांधळेपणा निघावा, याहून मोठी थट्टा काय असणार! दुसरा कोणी गाडी पकडून गावी परत गेला असता. त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाटनं काढायला रंग लागत नाहीत. ते यांत्रिक चित्रकला शिकले आणि नव्यानंच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले. रिकाम्या वेळात तिथल्या वर्कशॉपमध्ये स्वतःचे हात काळे करायचे. इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. जे आलं ते अशा हात घालण्यातून आणि परदेशी मासिकं-पुस्तकं वाचून.

याच काळात मुंबईत सायकली दिसायला लागल्या होत्या. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी बेळगावात त्या विकायच्या, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचं, असा दोघा भावांचा धंदा सुरू झाला. किर्लोस्कर उद्योग आपलं वय मोजतो ते या 1888 सालापासून. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. दुसऱ्यांदा बिऱ्हाड हललं.

बेळगावात त्यांनी छोटा कारखाना काढला. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. विलायती नांगर येत होता, पण तो महाग आणि मोडला तर सुटा भाग मिळायची मारामार. इथल्या मातीला आणि इथल्या बैलांना झेपेल असा नांगर त्यांनी बनवला. पण शेतकऱ्यांचा समज असा, की लोखंड लागलं की जमीन नासते. पहिले नांगर बरेच दिवस विकलेच गेले नाहीत. हळूहळू विश्वास बसला, मागणी यायला लागली, घडी बसतेय असं वाटू लागलं. आणि तेव्हाच बेळगाव नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. जागा सोडा, असा निरोप आला.

त्या वेळी लक्ष्मणराव चाळीस वर्षांचे होते. घरात बायकोमुलं, भट्ट्या, लेथ, अर्धवट तयार झालेले नांगर, आणि हातातून गेलेली जागा. भाड्याच्या खोलीची मुदत संपली की आपला जीव कसा टांगणीला लागायचा ते आठवून बघा. इथं तर अख्खा कारखाना उचलायचा होता.

मदतीला आले औंधचे राजे भवानराव, म्हणजेच बाळासाहेब पंतप्रतिनिधी. लक्ष्मणरावांचं काम त्यांना आधीपासून माहीत होतं. त्यांनी 10,000 रुपयांचं कर्ज दिलं आणि संस्थानातली पसंत पडेल ती जागा निवडा असं सांगितलं. औंध संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हता, तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेला होता. लक्ष्मणरावांनी राजधानीचं औंध निवडलं नाही. त्यांनी पाहिलं रेल्वे स्टेशन. पुणे-मिरज मार्गावर कुंडल रोड नावाचं एक लहानसं स्टेशन होतं, आणि त्याच्या शेजारी 32 एकर माळ होता. कच्चं लोखंड यायला आणि नांगर जायला रेल्वे जवळ हवी, बाकी सगळं आपण उभं करू, असा सरळ हिशेब. आपणही इथं फ्लॅट बघताना आधी कंपनीच्या बसचा थांबा किती लांब ते विचारलं होतं. तसंच ते.

पण माळ कसा होता? जिथं बघावं तिथं निवडुंग, सापांचा सुळसुळाट, आणि सावलीला झाड नाही. शहाण्या माणसानं पाठ फिरवावी अशीच जागा. 10 मार्च 1910 ला तिथं कामाला सुरुवात झाली. मार्च म्हणजे त्या भागात उन्हाचा कडाका सुरू होण्याचेच दिवस. आधी निवडुंग तोडायचा, मग राहायला आडोसा करायचा, मग शेड. बेळगावहून त्यांच्याबरोबर पंचवीसेक कामगारांची कुटुंबं आली, ती सुरुवातीला तंबूंत आणि झोपड्यांत राहिली.

मला यात सगळ्यात जास्त विचार करायला लावतात ती ही कुटुंबं. लक्ष्मणरावांना स्वप्न होतं. परदेशात कारखान्याभोवती नीटनेटकी गावं वसवलेली असतात हे त्यांनी वाचलं होतं आणि तसं गाव आपणही करायचं हे त्यांच्या मनात होतं. पण त्या कामगारांच्या बायकांना काय दिसलं असेल? बेळगावसारखं बाजारपेठेचं गाव, कानडी-मराठी शेजार, नळ-विहीर, दवाखाना हे सगळं सोडून त्या निवडुंगात उतरल्या. स्वतः राधाबाई, लक्ष्मणरावांच्या पत्नी, लहान मुलं घेऊन आल्या. थोरला शंतनू तेव्हा जेमतेम सात वर्षांचा. साप निघाला तर मुलाला घेऊन कुठं पळायचं, दूध कुठून आणायचं, आजारपणात कोणाला हाक मारायची, हे प्रश्न त्यांनी कसे सोडवले असतील याचा जमाखर्च नांगरांच्या खपासारखा कोणी मांडून ठेवत नाही. आपल्या सोसायटीतही पहिल्या दोन वर्षांत आम्ही पुरुषमंडळी सकाळी सातला शिफ्टला निघून जायचो. इथं घर बसवलं ते मागं राहिलेल्यांनी.

बरोबरची माणसंही मोठ्या पदव्यांची नव्हती. शंभूराव जांभेकर पदवी नसलेले, पण यंत्राची नाडी ओळखणारे. मंगेशराव रेगे हिशेब आणि कारकुनी सांभाळायचे. अनंतराव फळणीकर शाळेत न रमलेले, कारखान्यात मात्र कल्पक निघाले. के. के. कुलकर्णी पडेल ते काम अंगावर घेणारे. जगानं ज्यांच्यावर फारशी आशा ठेवली नव्हती अशी ही मंडळी. लक्ष्मणरावांनी त्यांना काम दिलं आणि त्या कामानं त्यांना मोठं केलं.

सगळ्यात धाडसाचा निर्णय रखवालीचा. उघड्या माळावर कारखाना, रात्री-अपरात्री राखण कोण करणार? लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोघांना नेमलं. हे दोघेही पूर्वी दरोडेखोर म्हणून नाव झालेले. तो काळ असा, की कित्येक जमातींवर इंग्रजांच्या कायद्यानंच गुन्हेगार असा शिक्का मारून ठेवला होता. अशा माणसांच्या हाती लक्ष्मणरावांनी सगळी वसाहत झोपेत सोपवली. दोघांनीही ती इमानानं राखली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हाही त्यांचा दंडक होता. 1910-20 च्या महाराष्ट्रात, लहान गावात, हे सोपं नव्हतं.

पुढची गोष्ट भराभर सांगतो. पहिलं महायुद्ध सुरू झालं, विलायती माल यायचा थांबला, देशी नांगराला मागणी वाढली. पण त्याच युद्धानं लोखंड आणि कोळसाही मिळेनासा केला. त्यातूनही कारखाना चालला. नांगरामागून शेंगा फोडायचं यंत्र, उसाचे चरक, हातपंप, लोखंडी फर्निचर असं एकेक निघत गेलं. 1920 साली कारखान्याची बातमी देणारं ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं. पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मोठं मासिक केलं, आणि 1930 मध्ये ‘स्त्री’ व 1934 मध्ये ‘मनोहर’ निघालं. म्हणजे ज्या माळावर वीस वर्षांपूर्वी दिवाही नव्हता, तिथून महाराष्ट्रभर विचार जायला लागले. माझ्या आत्याच्या ट्रंकेपर्यंत ते असे पोचले.

सगळंच गोड झालं असं नाही. जानेवारी 1948 मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि पाठोपाठ दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळीची लाट आली. त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जळाला. निवडुंग तोडून उभं केलेलं सगळं डोळ्यांदेखत राख व्हावं, तेही वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! माणूस म्हणाला असता, ही जागा आपली नव्हतीच. पण वाडी उठली नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही तिथं पंप बनतात. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. कुंडल रोड स्टेशनला आता किर्लोस्करवाडी म्हणतात. शंतनुरावांनी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याला नाव दिलं ‘कॅक्टस अँड रोझेस’, निवडुंग आणि गुलाब. सातव्या वर्षी पाहिलेला माळ ते विसरले नव्हते.

या गोष्टीतून मी काय घेतलं ते थोडक्यात सांगतो. 32 एकर जमीन राजानं दिली, पण जमिनीनं गाव होत नाही. मागून आलेल्याला जागा देणारे भेटले की गाव होतं. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना दिली, लक्ष्मणरावांनी जांभेकर-फळणीकरांना दिली, तुकाराम-पिऱ्याला दिली. कोणीही आधी दाखला मागितला नाही.

आता आपल्याकडे बघू. आपल्या 40 फ्लॅटपैकी आज 17 मध्ये भाडेकरू राहतात. मूळ सभासद मुलांकडे गेले किंवा मोठ्या घरात गेले. हे भाडेकरू कोण? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपण जे होतो तेच. कोणी नागपूरहून आलंय, कोणी बिहारहून, कोणी केरळातून. आपल्या गेटवरच्या बोर्डावर त्यांच्या फ्लॅटपुढे अजून मालकाचंच नाव आहे. पार्किंगवरून काही झालं की भाडेकरू आहेत ना, असं वाक्य आपोआप तोंडातून निघतं. कायद्यानं सभासदत्व मालकाचं, मतही मालकाचं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नावाच्या बोर्डाला कुठला उपविधी आडवा येत नाही. वाढदिवसाच्या यादीला, कोजागरीच्या दुधाला, आजारपणात रात्री दार वाजवायलाही येत नाही.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त कमिटीपुढे माझी एकच सूचना आहे आणि येत्या सर्वसाधारण सभेत ती मी लेखी मांडणार आहे. नवा बोर्ड करायचाच आहे, तर त्यावर फ्लॅटमध्ये आज जे राहतात त्यांची नावं लिहावीत, मालकाचं नाव खाली राहू दे. आणि सगळ्यात शेवटी, दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनचीही. खर्च फार तर एका बोर्डाचा आहे. तो मी द्यायला तयार आहे.