सासवन्याचे शिल्पकार

अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकाठी सासवने हे नारळी-पोफळींनी वेढलेले गाव आहे. १८९१ साली तेथे विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. वडील गणपतीच्या मूर्ती घडवीत. त्यामुळे ओल्या मातीशी विनायकाची मैत्री लहानपणीच जडली. एकदा त्याने देवळाच्या भिंतीवर शिवरायांचे चित्र काढले. ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनी या होतकरू मुलास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले. भिंत रंगविल्याबद्दल असे बक्षीस मिळणारी मुले विरळाच!

पुढे कलकत्ता झाले, लंडन झाले. १९२८ साली पुण्यात त्यांनी घडविलेला शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला आणि करमरकरांचे नाव सर्वतोमुखी झाले.

थोरामोठ्यांचे पुतळे घडविणाऱ्या या हातांना किनाऱ्यावरची साधी माणसे मात्र अधिक जवळची होती. कोळीण, गावची मुले, फार काय, दारची म्हैससुद्धा त्यांनी तितक्याच निगुतीने साकारली. त्यासाठी महागडे ब्राँझच हवे असा त्यांचा हट्ट नव्हता. प्लॅस्टर आणि सिमेंटही त्यांनी वापरले.

१९६७ साली ते निवर्तले. सासवन्याचे त्यांचे राहते घर आता संग्रहालय झाले आहे. तेथील म्हैस पाहणाऱ्यास क्षणभर खरीच वाटते.