पुणे नगरपालिकेतील जोतीराव

महात्मा जोतीराव फुले म्हटले की मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि 'शेतकऱ्याचा असूड' एवढे आपल्याला चटकन आठवते. त्यांच्या चरित्रातील एका भागाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शताब्दीच्या या स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम तोच भाग निवडला आहे. आपले वाडवडील या देशात उतरले तेव्हा त्यांची सरकारशी गाठ पडली ती बहुतेक नगरपालिकेच्याच दारात. दुकानाचा परवाना, मुलांची शाळा, गल्लीतला दिवा, सांडपाण्याची मोरी यांसाठी माणसाला तेच दार ठोठवावे लागते. त्या दाराच्या आत बसलेला माणूस कसा असावा, हे जोतीरावांकडून शिकण्यासारखे आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे ते पुण्यात फुले झाले. आई चिमणाबाई लहानपणीच गेल्या. वडील गोविंदराव भाजीपाल्याचा व्यापार करीत. मधेच शाळा सुटली आणि १८४१ साली स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा सुरू झाली. १८४८ मध्ये त्यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. १८६८ मध्ये त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला.

हे सारे करताना त्यांचा प्रपंच चालला होता तो कंत्राटदारीवर. सरकारी बांधकामांची कामे ते घेत आणि खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी माल पुरवला. दगड, चुना, मजुरी यांचे भाव त्यांना तोंडपाठ असणार. खर्चाचा अंदाज कसा लिहिला जातो आणि मजुराच्या हाती त्यातले किती पडते, हे ज्याने जवळून पाहिले आहे, असा माणूस नगरपालिकेत जाऊन बसला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुण्याची नगरपालिका १८५७ पासूनची. जोतीरावांच्या काळात सभासद लोकांनी निवडलेले नसत, सरकार त्यांना नेमीत असे. करदात्यांना निवडणुकीचा हक्क मिळाला तो त्यांची मुदत संपल्यानंतर. ज्याने नेमले त्याच्याविरुद्ध हात वर करणे त्या सभेत सोपे नव्हते.

याच मुदतीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीचा प्रसंग आला. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव अध्यक्षांनी मांडला. ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावी, असे जोतीरावांनी सुचवले. मते घेतली गेली. बत्तीस सभासदांपैकी विरुद्ध मत पडले ते एकट्या जोतीरावांचे. त्यांना पाहुण्याचा द्वेष नव्हता. इंग्रजी राज्याने शाळेची दारे उघडली, हे तर ते स्वतःच सांगत आले होते. प्रश्न होता पैशाचा. नगरपालिकेच्या तिजोरीतला पैसा शहरातल्या लहानमोठ्या साऱ्यांकडून गोळा झालेला. पाटीवालीने जकातीपोटी दिलेला पैसा पताका आणि कमानींवर जावा की तिच्या मुलाच्या पाटी-पेन्सिलीवर, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

दुसरे प्रकरण दारूच्या दुकानांचे. पूर्वी गावाबाहेर असलेली ही दुकाने भर वस्तीत वाढू लागली होती. परवाने देण्याचा अधिकार सरकारच्या अबकारी खात्याचा होता, नगरपालिकेचा नव्हता. आमच्या हाती काही नाही, असे म्हणून सभासदांना गप्प बसता आले असते. जोतीरावांनी जुलै १८८० मध्ये नगरपालिकेच्या प्रभारी अध्यक्षांना, प्लंकेट यांना, पत्र लिहिले. एकीकडे नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी पदरचा पैसा खर्चते आणि दुसरीकडे हे व्यसन घरे धुळीला मिळवते, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. या दुकानांवर नगरपालिकेने कर बसवावा, अशी सूचनाही त्यांनी केली. परवाना आपल्या हातात नसला तरी कर आहे, एवढी कायद्याची वाट त्यांनी शोधून ठेवली होती.

तिसरे प्रकरण मंडईचे. भाजीवाले तेव्हा शनिवारवाड्यापुढे उघड्यावर बसत. त्यांच्यासाठी शुक्रवार पेठेत दगडी मंडई बांधण्याचे नगरपालिकेने ठरवले. जोतीराव माळी समाजाचे, भाजीच्या व्यापारात वाढलेले. ही मंडई त्यांच्याच लोकांच्या सोयीची, असे कुणीही म्हटले असते. तरीही त्यांनी आणि हरी रावजी चिपळूणकरांनी या खर्चाला विरोध केला. एवढी मोठी रक्कम इमारतीत घालण्याआधी मुलांच्या शाळांचे पाहा, हाच त्यांचा मुद्दा होता. मंडई अर्थातच झाली. १८८६ मध्ये ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. खाली सही करताना व्यापारी व शेतकरी याबरोबरच नगरपालिकेचे सभासद अशीही ओळख त्यांनी दिली. आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांच्या खर्चाचा वाटा नगरपालिकांनी उचलावा आणि गरीब नगरपालिकांना सरकारने मदत करावी, असे त्यात त्यांनी मागितले. सभेत जे मतदानात हरले होते, तेच त्यांनी देशाच्या आयोगापुढे जाऊन पुन्हा मांडले.

११ मे १८८८ रोजी मुंबईतील सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुढे रे मार्केटचे नाव बदलले. ज्या मंडईच्या खर्चाला त्यांनी विरोध केला, ती आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. यात कुणाला दैवाची थट्टा दिसेल. आम्हांला मात्र वाटते, पुणेकरांनी उशिरा का होईना आपल्या त्या सभासदाचे ऋण मान्य केले. मंडईही हवी होती आणि शाळाही. आधी काय, एवढाच वाद होता.

शताब्दीच्या निमित्ताने आपणही वर्गणी गोळा केली आहे. मांडव, हार, भोजन यांचे अंदाजपत्रक आपल्याही समितीपुढे येते. आपल्यातले काही जण इथल्या नगरपालिकेच्या सभांनाही जातात. अशा वेळी मुलांच्या मराठी वर्गासाठी किती ठेवले, असा प्रश्न विचारणारा एखादा सभासद उभा राहिला, तर त्याच्यावर वैतागू नये. त्याचे मत एकटे पडले तरी ते इतिवृत्तात नीट लिहून ठेवावे. आपल्यानंतर येणाऱ्यांना ते वाचावेसे वाटेल.