अधिकाराला कुंपण घालणारा वजीर

धाराशिव जिल्ह्यातील परांड्याचा भुईकोट किल्ला खंदक, दुहेरी तटबंदी आणि बुरुजांवरील तोफांसह आजही उभा आहे. त्याच्या उभारणीचे श्रेय परंपरेने बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याला दिले जाते. किल्ला कोणाच्या हाती सोपवावा आणि सोपवताना त्याला किती अधिकार द्यावेत, या प्रश्नाभोवती या वजिराचा सारा कारभार फिरला. पाच शतकांनंतर तोच प्रश्न निराळ्या रूपात कचेऱ्यांमध्ये आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे ‘एजंट’ आता कामांच्या याद्या सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीत शिरून मालकाच्या वतीने कामे नोंदवतात, माणसांना वाटून देतात, मुदती बदलतात आणि नोंदी पुसूनही टाकतात. अशा कारभाऱ्याला कोठे अडवायचे, याचा विचार करणाऱ्यांनी गावानचे चरित्र जरूर पाहावे.

महमूद गावानचा जन्म १४११ च्या सुमारास इराणमधील गिलान प्रांतात झाला. घराणे राजदरबारी वजनदार होते. पण दरबारातील हेव्यादाव्यांना कंटाळून त्याने देश सोडला आणि व्यापार पत्करला. १४५३ मध्ये तो कोकणातील दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बहमनी राजधानी बिदरला आला. सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद याने या विद्वान व्यापाऱ्याला ठेवून घेतले व सेवेत मानाचे स्थान दिले. पुढे सुलतान हुमायूनच्या कारकिर्दीत त्याला ‘मलिक-उत-तुज्जार’ हा किताब मिळाला.

१४६१ मध्ये हुमायून मरण पावला, तेव्हा गादीचा वारस अवघा आठ वर्षांचा होता. राज्य चालविण्यासाठी राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गावान यांचे मंडळ नेमण्यात आले. १४६३ मध्ये बालसुलतान वारला व त्याचा धाकटा भाऊ तिसरा मुहम्मद गादीवर आला. दरम्यान ख्वाजा जहानने सारी सत्ता आपल्या हाती एकवटण्यास सुरुवात केली आणि त्यातच त्याचा वध झाला. १४६६ च्या सुमारास मुख्य वजिरी गावानकडे आली. दुसऱ्याच्या नावाने सत्ता चालविणारा माणूस बेबंद झाला की काय होते, हे त्याने अगदी जवळून पाहिले होते.

पुढील पंधरा वर्षांत बहमनी राज्याचा विस्तार कळसाला पोहोचला. कोकणातील मोहिमेत खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, हाती आला. १४७२ मध्ये गोवा जिंकले गेले आणि पाठोपाठ बेळगावही पडले. त्याच सुमारास बिदर येथे गावानचा प्रसिद्ध मदरसा पूर्ण झाला. तेथे मोठा ग्रंथसंग्रह होता आणि दूरदूरचे विद्वान येत असत. फारसी पत्रलेखनावरील त्याचे ग्रंथ आजही अभ्यासले जातात.

तथापि त्याचे खरे कर्तृत्व राज्यकारभाराच्या घडणीत आहे. बहमनी राज्यात गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि तेलंगण अशा चार तरफा होत्या. प्रत्येक तरफदाराकडे सैन्य, महसूल आणि सगळे किल्ले असत. सुलतानाच्या वतीने कारभार पाहणारा हा अधिकारी मनात आणताच स्वतःच राजा होऊ शकत असे. गावानने या चार तरफांच्या आठ केल्या. प्रत्येक तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला; बाकीच्या किल्ल्यांवर थेट दरबारातून किल्लेदार नेमले. प्रत्येक तरफेतील काही मुलूख सुलतानाच्या खालशात घेतला. जमिनीची मोजणी करून महसूल ठरविला. सरदाराने ठरलेल्या संख्येपेक्षा कमी शिपाई बाळगले, तर त्या प्रमाणात त्याच्याकडून वसुली होऊ लागली. नेमणुकांत दख्खनी आणि परदेशातून आलेले आफाकी अशा दोन्ही गटांना स्थान देऊन त्याने समतोल साधला.

संगणकीय एजंटांसाठी आज सांगितल्या जाणाऱ्या खबरदाऱ्या याच जातकुळीच्या आहेत. एजंटाला नेमून दिलेल्या कामापुरतीच यादी दिसावी. सगळ्या विभागांच्या किल्ल्या एकाच्या हाती देऊ नयेत. मुदत सुचविण्याची मुभा असावी, परंतु नोंद कायमची पुसणे किंवा बाहेर पत्र पाठविणे माणसाच्या संमतीवाचून होऊ नये. त्याने केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहावी आणि ती तपासणारा दुसराच कोणी असावा.

या सुधारणांनी राज्य सावरले, पण ज्यांचे अधिकार आकसले ते दुखावले. मलिक हसन निजाम-उल-मुल्क याच्यासारखे प्रबळ सरदार गावानच्या विरोधात गेले. उघड विरोध कठीण होता, म्हणून कटवाल्यांनी एक फट शोधली. गावानचा शिक्का त्याच्या एका गुलामाजवळ असे. त्याला वश करून त्यांनी कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. त्या कागदावर ओरिसाच्या राजाला बहमनी राज्यावर चालून येण्याचे आमंत्रण लिहिण्यात आले आणि तो सुलतानापुढे ठेवण्यात आला.

त्या वेळी सुलतानाची छावणी कोंडापल्ली येथे होती. मद्यधुंद सुलतानाने वजिराला बोलावून घेतले. शिक्का आपला आहे, हे गावानने मान्य केले. पत्र मात्र आपले नसल्याचे सांगितले. चौकशी झाली नाही, पत्र नेणारा कोण होता हे विचारले गेले नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्याची गरजही कोणाला वाटली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीला पोहोचलेल्या वजिराचा शिरच्छेद करण्यात आला. नंतर त्याच्या खजिन्याची झडती घेतली, तेव्हा इतक्या मोठ्या पदावरील माणसाकडे स्वतःचे म्हणावे असे फारच थोडे निघाले. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण दिलेला हुकूम परत घेण्याजोगा राहिला नव्हता. वर्षभरातच, मार्च १४८२ मध्ये, सुलतानही मरण पावला.

गावानच्या व्यवस्थेतील उणीव येथे उघडी पडते. तरफदारांच्या हातांना त्याने मर्यादा घातल्या. मात्र दोन जागा मोकळ्या राहिल्या. एक त्याचा स्वतःचा शिक्का, जो मजकूर न पाहता उठू शकत होता. दुसरी सुलतानाची आज्ञा, जिच्यावर फेरविचाराचे बंधन नव्हते. कामाच्या यादीत कोणी बाहेरच्याने घुसडलेली सूचना मालकाचीच समजून एजंटाने अमलात आणली, तर तोही याच प्रकारे फसतो. नोंद खऱ्या खात्यातून आलेली असते, म्हणून तिचा मजकूर खरा ठरत नाही. अशा वेळी हानी टळते ती केवळ अपरिवर्तनीय कृतीपूर्वी थांबून विचारण्याच्या सक्तीमुळे.

गावानच्या मागे त्याने घातलेली कुंपणे टिकली नाहीत. पुढील काही दशकांत बहमनी राज्याचे तुकडे होऊन विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडा आणि बिदर अशा पाच शाह्या उभ्या राहिल्या. विजापूरची आदिलशाही आणि वऱ्हाडची इमादशाही स्थापन करणारे बहमनी राज्याचेच तरफदार होते. अहमदनगरची निजामशाही मलिक हसनच्या मुलाने उभी केली. परांड्याचा किल्ला निजामशाहीत गेला आणि १६०० मध्ये अहमदनगर मुघलांनी घेतल्यावर काही काळ त्या शाहीची राजधानीही झाला. बिदरचा मदरसा मुघल काळात दारूच्या स्फोटाने अर्धा कोसळला. उरलेला भाग आणि एक मनोरा अजून पाहता येतो. हा सारा पसारा ज्याने एका व्यवस्थेत बांधला, त्याची कबर बिदरजवळच आहे.