डॉक्टरसाहेब



डॉ. दत्ता सामंतांचे नाव निघाले की आपल्या ज्येष्ठ मंडळींत आजही दोन तट पडतात. त्यांनी कामगाराला ताठ मानेने उभे केले, असे काही म्हणतात. त्यांनीच गिरण्या बुडवल्या, असे इतर.

मूळचे कोकणातले डॉक्टर घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवीत. दगडखाणीतले मजूर औषधाला येत. त्यांचे खरे दुखणे औषधाने बरे होणारे नव्हते. ती खाणमालकांची पिळवणूक होती. डॉक्टर त्यांच्यासाठी भांडू लागले आणि बघता बघता पुढारी झाले. १९७२ साली ते काँग्रेसचे आमदार झाले, तरी १९७५ च्या आणीबाणीत स्वपक्षाच्याच सरकारने त्यांना तुरुंगात टाकले.

कारखान्याचा ताळेबंद ते पाहत नसत. कामगाराचे घर कितीत चालते, ते पाहून मागणी करीत. ही पद्धत मला पूर्ण पटत नाही. धंदाच टिकला नाही तर पगार कोठून येणार? पण त्यांनी मोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या, हेही खरे.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून चिडलेले गिरणी कामगार त्यांच्या दारी आले. डॉक्टर आधी कचरले. १९४६ च्या कायद्याने मुंबईच्या गिरण्यांत मान्यता एकाच संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होती. कामगारांना ती नकोशी झाली, तरी मालकांनी बोलणी करायची ती तिच्याशीच! अखेर १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार बेमुदत संपावर गेले. भांडीकुंडी विकली गेली, बायकापोरे गावी गेली. वर्ष सरले, पण तोडगा निघाला नाही. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. हजारो जण कायमचे बेकार झाले.

आता नवल पाहा. डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, देशभर काँग्रेसची लाट होती. तरी गिरणगावच्या दक्षिण-मध्य मुंबईने अपक्ष डॉक्टरांना लोकसभेत पाठवले. ज्यांच्या शब्दावर चूल विझली, त्यांनाच मत! यावर मी पुष्कळदा विचार केला आहे. आपला प्रतिनिधी निवडण्याचा जो हक्क गिरणीत मिळाला नाही, तो त्यांनी मतपेटीत बजावला, असे मला वाटते.

खासदारकीने बंद गिरण्या मात्र उघडल्या नाहीत. १९८९ मध्ये ती जागाही गेली. डॉक्टर कामगारांतच राहिले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत घराजवळ मारेकऱ्यांनी त्यांना मोटारीतच गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेला हजारो कामगार लोटले. संपाला पंधरा वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा दोनच दिवस उरले होते.